एल निनो येणार हे मॉडेलला आठ महिने आधी कळतं कसं? आणि मग ऐनवेळी फिस्कटतं का?

तूरडाळ:
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, खत-बियाणं-औषधं. प्रश्न हवामानाचा आहे पण मला पावसाचा अंदाज नकोय, ते तर व्हॉट्सॅपवर रोज दोन येतात. मला एवढंच समजून घ्यायचंय की एप्रिलमध्ये, इथे डांबर पाघळतंय अशा उन्हात, कुणीतरी कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून सांगतो की प्रशांत महासागर येत्या हिवाळ्यात तापणार, म्हणजे एल निनो येणार. उद्या दुपारी औशात पाऊस पडेल का ते छातीठोक सांगता येत नाही आणि आठ महिन्यांनंतरचा समुद्र सांगता येतो, हे डोक्यात बसत नाही.

विचारायचं कारण म्हणजे २०१४. त्या वर्षी मार्चपासून बातम्या की मोठा एल निनो येतोय, ९७ सारखा. मी सोयाबीनचं बुकिंग कमी केलं, तुरीचं वाढवलं. मग पावसाळ्यात हळूच बातमी आली की एल निनोची शक्यता घटली. बरं, शक्यता घटली तर पाऊस वाढायला पाहिजे होता ना, तर तोही घटला, देशात सरासरीच्या ८८ टक्के. पुढच्या वर्षी २०१५ ला खरोखर एल निनो आला, ८६ टक्के पाऊस, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना माहितीच आहे. आणि ज्या ९७ च्या नावानं घाबरवत होते त्या वर्षी देशाचा पाऊस १०२ टक्के! म्हणजे एल निनो आला तरी पाऊस, नाही आला तरी दुष्काळ. मग मॉडेल नक्की काय सांगतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सोप्या भाषेत, मी बीएस्सी अ‍ॅग्री आहे, गणित बारावीला सोडलं.

विदर्भातला_उन्हाळा:
काही कळत नाही हो त्यांना. ५० टक्के शक्यता म्हणायचं, आला तर आमचं बरोबर, नाही आला तरी आमचं बरोबर. आमच्याकडे पोपटवाला पण हेच करायचा.

बाकी तूर खपली का २०१४ ला?

तूरडाळ:
खपली. उगवून किती आली ते विचारू नका.

उधाण:
पीएचडीला समुद्राचंच मॉडेल चालवत होतो, पुण्यात सुरुवात केली आता बाहेर आहे, तर प्रयत्न करतो. मोठा होईल प्रतिसाद.

तूरडाळ भाऊ, तुमच्याकडे पाटाचं आवर्तन सुटतं ना? धरणातून पाणी सोडलं की टेलच्या गावाला ते चार दिवसांनी पोचणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पाणी निघालंय हे दिसतं, वेग माहिती असतो. एल निनोचा अंदाज बराचसा असाच आहे.

प्रशांत महासागरात विषुववृत्तावर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, पेरूच्या बाजूनं इंडोनेशियाकडे. वर्षानुवर्षं ढकलल्यामुळे गरम पाणी पश्चिमेला साचलंय, इतकं की तिकडची समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा ४०-५० सेंटिमीटर वर असते. गरम पाण्याचा थर तिकडे दीडशे-दोनशे मीटर जाड, आणि पेरूकडे जेमतेम पन्नास मीटर, त्याखाली लगेच गार पाणी. हे झालं तुमचं धरण. आता पश्चिमेला वारा काही दिवस उलटा फिरला तर त्या साठ्यातलं गरम पाणी पूर्वेकडे निघतं, पण पृष्ठभागावरून नाही, खालून. थराची जाडी एका लाटेसारखी सरकत जाते. हिला केल्विन लाट म्हणतात, वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे सायकलवाला निवांत जातो तेवढा, आणि अख्खा प्रशांत ओलांडायला तिला दोन ते तीन महिने लागतात. वरून बघणाऱ्याला समुद्र शांत, पण शंभर मीटर खाली गरम पाणी वाटेत आहे. ते पेरूजवळ पोचलं की तिकडचं पाणी तापतं, पूर्व-पश्चिम फरक कमी होतो, फरक कमी झाला की वारे अजून मंदावतात, वारे मंदावले की अजून पाणी सरकतं. हाच एल निनो. हे चक्र ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ साली मांडलं.

तर उद्याचा पाऊस आणि आठ महिन्यांनंतरचा समुद्र यात फरक इथे आहे. हवेला स्मरणशक्ती नाही, आठ-दहा दिवसांत सगळं विसरते. समुद्र विसरत नाही. औशात उद्या तीन वाजता कुठला ढग फुटणार हे हवेचं काम, ते अवघडच राहणार.

मॉडेल म्हणजे काय तर समुद्राचे आणि हवेचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात तापमान, खारटपणा, प्रवाह यांची बेरीज-वजाबाकी करत पुढे जायचं. उष्णता कुठून आली, कुठे गेली, शेजारच्या तुकड्याला किती दिली, बस. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनसाठी जे मॉडेल वापरतात ते मुळात अमेरिकन, २०१२ ला सरकारचं मान्सून मिशन सुरू झालं तेव्हापासून इथे त्यावर भरपूर काम झालंय. त्यात समुद्राचे ४० थर आहेत, वरचे थर दहा-दहा मीटरचे, खाली जाल तसे जाड. चौकट साधारण अर्ध्या अंशाची पण विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण पाव अंशाची म्हणजे २८ किलोमीटरच्या आसपास. तिथेच बारीक का, तर ती केल्विन लाट विषुववृत्ताला चिकटून, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यातच चालते, चौकट मोठी ठेवली तर लाट जाळ्यातून निसटल्यासारखी होते.

आणि चौकटीपेक्षा लहान जे काही घडतं, ढग, भोवरे, वाऱ्यानं पाणी घुसळणं, ते मॉडेलला दिसतच नाही. तिथे अंदाजपंचे दाहोदरसे. म्हणजे अगदी तसं नाही, मोजमापं घेऊन सूत्रं बसवलेली असतात, पण सगळी भांडणं तिथेच आहेत. एका सूत्रातला आकडा जरा हलवला आणि माझा अख्खा प्रशांत दोन अंशांनी गार पडला होता, तीन आठवडे वाया. गाईडनं बघितलं आणि म्हणाले, छान, हिमयुग आणलंस.

उरलेलं जेवून लिहितो.

निळा_डबा:
वा, वाचतोय. आवर्तनाचं उदाहरण एक नंबर. पुढचा भाग लवकर येऊ द्या.

विदर्भातला_उन्हाळा:
ते ठीक आहे पण धरणात पाणी किती आहे हे मोजायला माणूस असतो. हजारो किलोमीटर समुद्रात शंभर मीटर खाली कोण बघून येतंय?

उधाण:
हाच खरा प्रश्न आहे, पोपटवाल्यापेक्षा फार चांगला :)

१९८२ साली कुणीच बघत नव्हतं. शतकातल्या मोठ्या एल निनोंपैकी एक डोळ्यासमोर वाढत होता आणि तज्ज्ञ म्हणत होते काही नाही. त्यात मेक्सिकोत एल चिचॉन ज्वालामुखी त्याच वसंतात फुटलेला, त्याचा धुरळा वर पसरला आणि उपग्रहाला समुद्र आहे त्यापेक्षा गार दिसायला लागला. त्या फजितीनंतर विषुववृत्ताच्या बाजूनं अख्ख्या प्रशांतात नांगरलेले बोये, म्हणजे मोजमापं घेणारे तरंगते पिंप, टाकले, सुमारे ७०, प्रत्येकाखाली ५०० मीटरपर्यंत तारेवर थर्मामीटर, माहिती उपग्रहावरून रोजच्या रोज. हे जाळं १९९४ ला पूर्ण झालं आणि ९७ चा एल निनो त्यामुळे जवळजवळ लाइव्ह दिसला. आता शिवाय आर्गो नावाची यंत्रं आहेत, माणसाच्या उंचीएवढी नळी, स्वतःच २००० मीटर खाली जाते, दर दहा दिवसांनी मोजत मोजत वर येते, माहिती पाठवते आणि परत बुडी. जगात सुमारे चार हजार आहेत.

ही सगळी मोजमापं आणि मॉडेलचा स्वतःचा समुद्र यांची सांगड घालून आजची स्थिती ठरवायची आणि तिथून पुढे पळवायचं. पण एकदा नाही. सुरुवातीच्या आकड्यांत बारीक बारीक फरक करून पुन्हा पुन्हा. हवामान अंदाजाचं युरोपियन सेंटर दर महिन्याला ५१ वेळा पळवतं. ५१ पैकी ४५ समुद्र तापले तर बातमी, २५ तापले तर गप्प बसलेलं बरं. पन्नास टक्के शक्यता ही पळवाट नाही, मोजून आलेली संख्या आहे. ज्या वर्षांना ७० टक्के म्हटलं त्यातली खरंच ७० टक्के वर्षं तापली का हे मागची २५-३० वर्षं पुन्हा मॉडेलमधून काढून तपासतात, म्हणजे जुने पेपर सोडवून घेतात. पोपटवाला हे करत असेल तर त्यालाही नोकरी मिळेल.

आता २०१४. जानेवारी ते मार्चमध्ये पश्चिमेला उलट्या वाऱ्याचे जोरदार झटके आले, मोठी केल्विन लाट निघाली, ९७ सारखीच दिसत होती. मॉडेलनी बघितलं की पाणी निघालंय, टेलला पोचणार. आणि पोचलं, पूर्वेकडे पाणी तापलं थोडं. पण पुढचे झटके आलेच नाहीत, उलट जूनमध्ये पूर्वेकडून वाऱ्याचा तडाखा बसला. समुद्रानं टाळी दिली, हवेनं घेतली नाही. ते चक्र फिरलंच नाही. हे वाऱ्याचे झटके म्हणजे हवेचं काम, ते महिनोनमहिने आधी सांगता येत नाहीत. आणि मार्च ते मे या काळात पूर्व-पश्चिम फरक वर्षातला सगळ्यात कमी असतो, समुद्र आणि हवा यांची जोडी ढिली असते, त्यामुळे लहानसा झटकाही गाडी कुठेही नेतो. या काळाच्या अलीकडून पलीकडचं सांगणं सगळ्यात अवघड. याला आमच्यात वसंतातला अडथळा म्हणतात.

भरीस भर, बोयांची देखभाल करणारं जहाज २०१२ ला सेवेतून काढलं होतं आणि २०१४ च्या सुरुवातीला निम्म्याहून जास्त बोये मुके होते. वारा यामुळे आला नाही असं नाही, पण बघायचे डोळे त्याच वर्षी अधू होते.

डोनापावला:
गोव्यातून. उधाण यांनी प्रशांताचं छान सांगितलं पण ९७ चं कोडं प्रशांतात सुटत नाही, ते आपल्या अंगणात सुटतं.

हिंदी महासागराचंही असंच एक पूर्व-पश्चिम पारडं आहे. कधी आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि सुमात्राकडचं गार, तेव्हा आपल्याला साधारणपणे फायदा. याला द्विध्रुव म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरं आयओडी. हे १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवून दिलं. ९७ ला हे पारडं आपल्या बाजूनं जोरात झुकलं होतं, एल निनोचा बराच मार त्यानं झेलला असं मानतात. २०१९ ला पण जोरात झुकलं, तेव्हा देशात ११० टक्के. त्यामुळे तूरडाळ भाऊंनी फक्त एल निनो बघून बुकिंग करणं म्हणजे एका पायाची चप्पल घालून बाजारात जाणं.

अडचण ही की मॉडेल प्रशांत जितका बरा चालवतात तितका आपला समुद्र नाही. हे पुस्तकी नाही, डोळ्यांनी बघितलंय. विद्यार्थी असताना एकदा संशोधन जहाजावर हिवाळ्यात बंगालच्या उपसागरात उत्तरेला होतो. सीटीडी खाली सोडायचा, म्हणजे बाटल्यांची चळत आणि सेन्सर असलेली फ्रेम, विंचवर. स्क्रीनवर रेघ उतरताना बघत होतो. मला वाटलं खाली गेलं की तापमान उतरणार. तर वरचं पाणी गार आणि तीस मीटरखाली कोमट! मला वाटलं सेन्सर गेला. वरिष्ठ हसले, बाटल्या वर आल्यावर म्हणाले चाखून बघ. वरच्या बाटलीतलं पाणी मचूळ, खालचं खारट, चक्क जिभेला फरक कळत होता. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर साय धरून बसलेलं असतं, हलकं, त्यामुळे थंडीनं गार पडलं तरी बुडत नाही. मॉडेलमध्ये ही साय टिकत नाही, ते घुसळून टाकतात, ताक करतात. आणि उपसागर वरून किती पटकन तापणार, चक्रीवादळाला किती खाद्य मिळणार हे त्या सायीवर ठरतं.

पापलेट:
रत्नागिरी. आमच्या दोन बोटी आहेत. हैदराबादहून मासे कुठे मिळतील त्याचे मेसेज येतात, तेपण याच मॉडेलवर काय? कारण ढग असले की मेसेज बंद. आणि बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ती उठल्यावर पहिल्या फेरीला जाळं ओढताना खालचा भाग हाताला गार लागतो. वर कोमट खाली गार. वडील म्हणायचे तळ वर आला.

डोनापावला:
बरोब्बर सांगायचे वडील. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला तळाचं गार पाणी वर चढतं, आणि त्यात प्राणवायू फार कमी असतो म्हणून मासे जागा बदलतात. मासेमारीचा मेसेज मात्र मुख्यतः उपग्रहाच्या चित्रावरून, पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा हिरवेपणा बघून. ढग आले की उपग्रह आंधळा. तो आजचा फोटो आहे, मॉडेल म्हणजे पुढचा सिनेमा.

निळा_डबा:
हिंजवडीतला आयटी हमाल. एक शंका, हल्ली एआय हे सगळं करतंय ना? कोरियन लोकांनी २०१९ ला न्यूरल नेटवर्कनं दीड वर्ष आधी एल निनो सांगता येतो असं दाखवलं म्हणे. मग हे ४० थर, बेरीज-वजाबाकी, सुपरकॉम्प्युटर कशाला? २०२४ ला आयआयटीएममध्ये अर्का नावाचा सुपरकॉम्प्युटर आला, वेग ११.७७ पेटाफ्लॉप, केवढं ते वीजबिल.

उधाण:
ते काम चांगलं आहे. पण त्या नेटवर्कला शिकवलं कशावर बघा. चांगली मोजमापं असलेले एल निनो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेवढ्यावर नेटवर्क शिकत नाही. म्हणून त्याला आधी हवामान मॉडेलनी तयार केलेले शेकडो वर्षांचे खोटे समुद्र दाखवले आणि मग खऱ्या मोजमापांवर घासलं. म्हणजे शिकवणी आमच्याकडेच. आणि मास्तरांच्या चुका विद्यार्थ्यात उतरतात.

चुका कुठल्या? पेरूकडून गार पाण्याची एक जीभ विषुववृत्तावरून पश्चिमेकडे येते. खऱ्या समुद्रात ती जिथे संपते त्याच्या बरीच पुढे ती मॉडेलमध्ये जाते. हा दोष तीस वर्षं जुना आहे, पिढ्या बदलल्या, जीभ तशीच. दुसरं, विषुववृत्ताच्या उत्तरेला पावसाचा जो एक पट्टा असतो त्याच्या जोडीला मॉडेल दक्षिणेला फुकटचा दुसरा काढतात. हंगामी अंदाजात हे चालून जातं कारण मॉडेल किती चुकतं हे जुन्या पेपरांवरून माहिती असतं, तेवढं वजा करायचं. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तरी आपली बस चुकत नाही तसं.

पण ५० वर्षांनंतर काय, हा प्रश्न आला की वजाबाकी पुरत नाही. आणि इथे मला स्वतःला जरा लाज वाटते म्हणून लिहितो. बहुतेक मॉडेल म्हणतात की जग तापेल तसा प्रशांताचा पूर्व भाग पश्चिमेपेक्षा जास्त तापेल, एल निनोसारखा. १९८० पासूनची मोजमापं बघितली तर पश्चिम तापलाय आणि पूर्व तापलेला नाही, थोडा गारच पडलाय. उलटं! काही म्हणतात ही नैसर्गिक हेलकाव्यांची चाल आहे, उलटेल. काही म्हणतात मॉडेलची ती लांब जीभच मुळाशी आहे. माझा कल दुसऱ्या गटाकडे, पण माझ्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर पहिल्या गटाचा माणूस बसतो आणि तो माझ्यापेक्षा हुशार आहे.

विदर्भातला_उन्हाळा:
हे प्रामाणिक वाटलं. पोपट मागे घेतो.

तूरडाळ:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. माझ्या दुकानाच्या भाषेत सांगतो, चुकलं तर सुधारा. प्रशांताचं सांगणं बरं जमतं. तिथून भारताच्या पावसाचं, हिंदी महासागर मध्ये आल्यामुळे, कमी जमतं. तिथून लातूर जिल्ह्याचं त्याहून कमी. आणि औसा तालुक्याचं नाव कुणी काढूच नये.

आणि दुसरं, तो वसंतातला अडथळा मे संपल्यावर सुटतो म्हणता. माझं बियाण्याचं बुकिंग मार्चमध्ये असतं. म्हणजे ज्या महिन्यात मला विचारायचंय नेमका त्याच महिन्यात समुद्र बोलत नाही?

उधाण:
हो. अगदी तसंच. मार्चच्या आकड्यावर पूर्ण माल फिरवू नका, मेअखेर हवामान खातं सुधारित अंदाज देतं तो बघा, तोवर जेवढं बुकिंग लांबवता येईल तेवढं. लांबवता येतं का ते मला माहीत नाही.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात तुमच्याच प्रश्नातून झालीय. गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख होता. त्याला इथला मान्सून आधी सांगायचा होता, दुष्काळ पडत होते. त्यासाठी जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे घेऊन बसला, कॉम्प्युटर नाही, कारकून बसवून हातानं आकडेमोड, आणि त्यात त्याला सापडलं की ऑस्ट्रेलियाकडे दाब वाढला की ताहितीकडे कमी होतो. मान्सून काही त्याला नीट सांगता आला नाही. प्रशांत सापडला.

तूरडाळ:
बुकिंग थोडं लांबतं, कंपनीचा माणूस तोंड वाकडं करतो तेवढंच. यंदा निम्मं मार्चला, निम्मं जूनच्या पहिल्या आठवड्यात करून बघतो.

पापलेट:
अवांतर. त्या ७० बोयांखाली मासे जमत असतील की हो भरपूर. तरंगतं काहीही टाका समुद्रात, खाली सावलीला मासा येतोच.

उधाण:
जमतात ना! ट्यूनावाल्या बोटी येऊन त्यांना दोर बांधतात, जाळी टाकतात, बोये तुटतात, सेन्सर जातात. बोयांच्या जाळ्याची मोठी डोकेदुखी आहे ती.

पापलेट:
मी नाही गेलो तिकडे.